लेक परदेशी नांदायला जाते तेव्हा

हल्ली खेड्यातली लेकही लग्न होऊन थेट अमेरिकेला जाते. मांडवात सगळे कौतुक करतात. पण तिकडे नवऱ्याने हात उचलला, तर तिने जायचे कुठे? तिचा व्हिसा बहुधा त्याच्याच नोकरीला बांधलेला. ‘तोंड उघडलेस तर पोलीस तुलाच हाकलतील,’ एवढा धाक पुरतो. मग ती फोनवर आईला ‘बरं चाललंय’ म्हणते.

आयाबायांनो, कायदा तिला अगदीच वाऱ्यावर सोडत नाही. २००० साली अमेरिकेने गुन्ह्याला बळी पडलेल्या परदेशी माणसासाठी ‘यू व्हिसा’ काढला. त्याच्या अटी समजून घ्या. गुन्हा कायद्याच्या यादीतला हवा; घरातली मारहाण, बलात्कार, डांबून ठेवणे, वेठबिगारी हे त्यात येतात. तो अमेरिकेत घडलेला किंवा तिथल्या कायद्याविरुद्ध असावा. त्याने शरीराला किंवा मनाला मोठी इजा झालेली असावी. बळी पडलेल्या व्यक्तीने माहिती देऊन तपासाला मदत करावी. या मदतीचा सहीचा दाखला पोलीस, सरकारी वकील किंवा न्यायाधीश देतात. सहीपासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो.

व्हिसा मिळाला तर साधारण ४ वर्षे राहता येते, काम करता येते. ३ वर्षे सलग राहिल्यावर कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. मुलांनाही सोबत घेता येते.

पण हे सोपे नाही. वर्षाला मूळ अर्जदारांना १०,००० च व्हिसा, त्यामुळे रांग कित्येक वर्षांची. दाखला देणे अधिकाऱ्याच्या हाती. अर्ज फेटाळला तर देशाबाहेर काढण्याची कारवाईही होऊ शकते. म्हणून जाणत्या वकिलाशिवाय पाऊल टाकू नये. ‘खोटी केस करून व्हिसा काढून देतो’ म्हणणाऱ्या दलालाला दारात उभे करू नका. दुकानांत लुटीचे खोटे प्रसंग घडवून आणल्याबद्दल २०२३ साली तिथे खटले दाखल झाले आहेत.

लेकीला निरोप देण्याआधी एवढे करा. तिचा पासपोर्ट, व्हिसा, लग्नाचा दाखला यांच्या नकला माहेरी ठेवा. संकटात फिरवायचा ९११ हा नंबर तिला पाठ करायला लावा. न्यू जर्सीतली ‘मानवी’ ही संस्था १९८५ पासून आपल्याकडच्या बायकांना आधार देते, हेही सांगा.

आणि फोनवर ‘बरं चाललंय’ ऐकून थांबू नका. ती एकटी असेल अशा वेळी पुन्हा फोन करा.