‘बिस्मार्क’चा खरा रंग

युद्धनौकेची प्रतिकृती घडविणाऱ्यास ‘तिचा रंग कोणता?’ हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटला, तरी त्याचे उत्तर तारखेवाचून देता येत नाही, कारण युद्धाच्या गरजेप्रमाणे नौकेचे रूप पालटत असते. जर्मन आरमाराची ‘बिस्मार्क’ १९४१ च्या वसंतात बाल्टिक समुद्रात असताना तिच्या राखी अंगावर काळेपांढरे तिरपे पट्टे होते, आणि वेगाविषयी शत्रूस भ्रम व्हावा म्हणून नाळेपाशी खोटी फेसाळ लाटही रंगविलेली होती. परंतु २१ मे रोजी नॉर्वेतील ग्रिमस्टाड खाडीत ते पट्टे घाईघाईने राखी रंगाखाली झाकण्यात आले, आणि २७ मे रोजी तर ती अटलांटिकच्या तळाशी गेली. म्हणजे एकाच आठवड्यातील दोन भिन्नवर्णी प्रतिकृती सारख्याच मुळाबरहुकूम ठरू शकतात!

छायाचित्रांचा पुरावा मोलाचा खरा. पण त्या काळी प्रचलित असलेल्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला तांबडा वर्ण जाणवतच नसल्यामुळे तो तीवर काळा उमटतो आणि निळा फिकट पडतो. म्हणूनच छायाचित्रांची शहानिशा नौदलाच्या दफ्तरातील हुकुमांशी, तसेच १९८९ मध्ये रॉबर्ट बॅलर्ड यांच्या मोहिमेस साडेचार हजार मीटरांहून खोल सापडलेल्या अवशेषांशी करावी लागते. त्या अवशेषांच्या डेकवर रंगविलेल्या स्वस्तिकाच्या खुणा अद्याप ओळखू येतात.

इतके करूनही, २५१ मीटरांची नौका १:३५० या प्रमाणात ७२ सेंटिमीटरांवर आली, की अस्सल रंग डोळ्यांना अधिक गडद भासतो. तेव्हा त्यात किंचित पांढरा मिसळणे मला सर्वस्वी समर्थनीय वाटते.