पश्चात्ताप : लज्जा आणि गर्व यांच्या संदर्भात एका ख्रिस्ती संज्ञेचा अर्थविचार

'पश्चात्ताप' या शब्दाची फोड 'पश्चात्' आणि 'ताप' अशी होते. कृत्य घडून गेल्यानंतर मनाला होणारा दाह, हा त्याचा व्युत्पत्तिसिद्ध अर्थ होय. त्याच शब्दाचे बोलीत झिजलेले रूप म्हणजे 'पस्तावा'. मात्र रूपाबरोबर अर्थाचे क्षेत्रही बदलले आहे. जमीन स्वस्तात विकून बसलेल्या मनुष्यालाही पस्तावा होतो. त्यात नीतीचा प्रश्न असतोच असे नाही. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाने 'पश्चात्ताप' हा शब्द स्वीकारला तो ज्या कल्पनेसाठी, तिच्यात ताप हा एक अंश आहे, सर्वस्व नव्हे. हा भेद लक्षात न घेतल्यास असा ग्रह होतो की, ख्रिस्ती धर्म मनुष्याला स्वतःची लाज बाळगावयास सांगतो आणि जो अधिक लाजतो तो अधिक धार्मिक. मूळ संज्ञांचा व त्यांच्या प्रयोगांचा विचार केला असता हा ग्रह टिकत नाही.

१. संज्ञा

नव्या करारातील ग्रीक शब्द 'मेटानोइया' हा आहे. त्यातील 'नूस' म्हणजे मन अथवा बुद्धी. समग्र शब्दाचा रोख मनाच्या पालटाकडे आहे. त्यामागे उभ्या असलेल्या हिब्रू परंपरेत 'शूव' हा धातू येतो. त्याचा साधा अर्थ 'परतणे' असा असून वाट चुकलेल्या प्रवाशाच्या परतण्यालाही तो लागू पडतो. सिरियाक भाषांतरात 'मेटानोइया'च्या क्रियापदासाठी याच अर्थाचा सजातीय धातू योजिलेला आहे. म्हणजे मराठी शब्द दाह सांगतो, ग्रीक शब्द पालट सांगतो आणि हिब्रू शब्द दिशा सांगतो.

ग्रीकमध्ये खेद होण्याच्या अर्थी 'मेटामेलोमाइ' हे दुसरे क्रियापदही आहे. मत्तयाच्या २७ व्या अध्यायात यहूदाच्या मनःस्थितीसाठी तेच आले आहे. यहूदाला आपले कृत्य वाईट होते हे कळले, त्याने पैसे परत टाकले, आणि तरीही तो आत्मनाशाकडे गेला. पेत्रानेही प्रभूला नाकारले होते व तोही रडला. पण तो शिष्यांत परत आला. दोघांनाही ताप झाला. परतला तो एकच. तथापि या दोन क्रियापदांतील भेद फार ताणता येत नाही. मत्तयाच्याच २१ व्या अध्यायात प्रथम 'नाही' म्हणून मागाहून मळ्यात कामाला जाणाऱ्या मुलासाठीही 'मेटामेलोमाइ' हेच क्रियापद वापरले आहे. निर्णायक ठरतो तो खेदाचा परिणाम. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या ७ व्या अध्यायात पौलाने हेच सूत्ररूपाने मांडले आहे. एक दुःख ईश्वराकडे नेते व त्यातून मनाचा पालट घडतो. दुसरे जगाचे दुःख मरणाकडे नेते.

२. लज्जा आणि गर्व

लज्जा मान खाली घालावयास लावते आणि गर्व मान ताठ ठेवतो. म्हणून ही दोन टोके आहेत असे सामान्यतः समजले जाते. वस्तुतः दोहोंचे मूळ एकच आहे. दोन्ही भाव स्वतःच्या किमतीचा हिशेब मांडतात. एकाच्या वहीत तूट निघते, दुसऱ्याच्या वहीत शिल्लक. लूकाच्या १५ व्या अध्यायातील दोन मुलांचा दृष्टान्त या दृष्टीने सूक्ष्मपणे वाचण्याजोगा आहे.

धाकटा मुलगा सर्वस्व उधळून परक्या देशात उपाशी पडतो आणि तेथे, ग्रीक मजकुराच्या शब्दशः अर्थाने, 'स्वतःकडे येतो'. मराठीतील 'भानावर येणे' हा वाक्प्रचार याच्या अगदी जवळचा आहे. बापापुढे म्हणावयाची वाक्ये तो मनात जुळवितो. त्यांतील शेवटची विनंती अशी की, मला मोलकऱ्यांपैकी एक करावे. परंतु भेटीच्या प्रसंगी बहुतेक हस्तलिखितांत ही विनंती आढळत नाही. तो अपराध कबूल करतो, 'पुत्र म्हणवून घेण्यास योग्य नाही' येथवर येतो, आणि बाप चाकरांना उत्तम झगा आणावयास सांगतो. कबुली पूर्ण होते. लज्जेने स्वतःला ठोठावलेली शिक्षा मात्र उच्चारलीच जात नाही.

थोरला मुलगा घरात येण्याचे नाकारतो. इतकी वर्षे मी राबलो, असे तो म्हणतो, तेव्हा त्याच्या तोंडी गुलामगिरीचे क्रियापद आहे. भावाचा उल्लेख तो 'हा तुमचा मुलगा' असा करतो. बाप उत्तर देताना 'हा तुझा भाऊ' असा पालट करतो. दोघे भाऊ एकाच भ्रमात आहेत. लाजलेला मजुरी मागतो, गर्विष्ठ मजुरीची थकबाकी काढतो. पुत्रत्व मिळवावयाचे नसते, हे दोघांनाही उमगलेले नाही. धाकटा आत येतो. थोरल्याचे काय झाले, हे दृष्टान्त सांगत नाही.

३. एक ऐतिहासिक उदाहरण

इ. स. ३८६ मध्ये मिलान येथे ऑगस्टिनने सिंप्लिकियानुसकडून मारिउस विक्टोरिनुसची हकीकत ऐकली व पुढे ती आपल्या 'कन्फेशन्स'च्या आठव्या भागात नोंदविली. विक्टोरिनुस हा रोममधील नामांकित वक्तृत्वाचार्य. त्याचा पुतळाही रोममध्ये उभारला गेला होता. वृद्धपणी ख्रिस्ती ग्रंथ वाचून त्याची खात्री पटली, पण ती तो खासगीतच बोलून दाखवी. चर्चच्या भिंतींनी का मनुष्य ख्रिस्ती होतो, असे विचारून तो सिंप्लिकियानुसचे म्हणणे थट्टेवारी नेई. प्रतिष्ठित मित्र काय म्हणतील, ही भीती या थट्टेमागे होती. येथे गर्व व लज्जा वेगळी काढता येत नाहीत. त्याची प्रतिष्ठा हेच त्याच्या लाजेचे कारण होते. पुढे त्याचे मन पालटले. संकोची व्यक्तींना श्रद्धेचा उच्चार खासगीत करण्याची मुभा असे. ती देऊ केली असता त्याने नाकारली आणि सर्वांसमक्ष उच्चार केला. ऑगस्टिन येथे दोन क्रियापदे समोरासमोर ठेवतो : मिथ्यत्वापुढची लाज सुटली आणि सत्यापुढे लाज उत्पन्न झाली. लज्जेचा नाश झाला नाही. तिचे स्थान बदलले. इ. स. ३६२ मध्ये सम्राट जूलियनने ख्रिस्ती शिक्षकांना अध्यापनाची बंदी केली, तेव्हा विक्टोरिनुसने आपले पीठ सोडले.

४. मर्यादा

या अर्थविचारातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली : दुसऱ्याने केलेल्या अन्यायामुळे पीडिताला वाटणारी लाज हा पश्चात्तापाचा विषय नव्हे, तेथे परतावयाचे आहे ते अन्याय करणाऱ्याने. पीडितालाच पश्चात्ताप करावयास सांगणे हा संज्ञेचा दुरुपयोग होय. दुसरी : पश्चात्तापाचाही गर्व होऊ शकतो. लूकाच्या १८ व्या अध्यायातील परूशी व जकातदार यांचा दृष्टान्त वाचून 'मी त्या परूश्यासारखा नाही' असे समाधान मानणारा वाचक नकळत परूश्याच्याच जागी उभा राहतो. म्हणूनच मार्टिन ल्यूथरने १५१७ मधील आपल्या पहिल्या सिद्धान्तात पश्चात्ताप हा एखादा विधी न मानता श्रद्धावंताच्या सबंध जीवनाचे लक्षण मानला. तिसरी : परतण्याला बाहेरची खूण असते. जक्कयाने अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे व लुबाडलेल्यांना चौपट परत करण्याचे कबूल केले; त्याचा ताप किती तीव्र होता, याविषयी लूक एक शब्दही लिहीत नाही.

'पश्चात्ताप' हा शब्द मराठीत रूढ झाला आहे व तो बदलण्याचे कारण नाही. वाचकाने इतकेच ध्यानी ठेवावयाचे की, या शब्दातील 'ताप' वाटेवरचा आहे. वाट घराकडची आहे.