प्रोग्रॅमला आपले टर्मिनल कसे सापडते?

सी भाषेतील एक प्रोग्रॅम जुन्या फायली पुसतो, असे समजा. फायलींची नावे तो एका यादीतून वाचतो आणि प्रत्येक वेळी ‘नक्की पुसू का?’ असे विचारतो. आता तुमचे उत्तर त्याने कोठून घ्यावे? त्याचे ० क्रमांकाचे आदान तर यादीला जोडलेले! तेथूनच वाचले, तर यादीतील पुढचे नाव त्याला उत्तर वाटेल. त्या नावाचे पहिले अक्षर ‘वाय’ निघाले, की त्याला होकार समजून तो हवी असलेली फाईलही पुसून टाकील.

चालू असलेल्या प्रोग्रॅमला प्रोसेस म्हणतात. ज्या टर्मिनलवर कंट्रोल-सी दाबले असता प्रोसेसला थांबण्याचा संकेत मिळतो, ते तिचे नियंत्रक टर्मिनल. युनिक्समध्ये उपकरणांनाही फायलींसारखी नावे असतात. नियंत्रक टर्मिनलचे नाव ‘सीटर्मआयडी’ हे फलन सांगते. गंमत अशी, की लिनक्सवर सर्वांना उत्तर एकच मिळते : ‘/डेव्ह/टीटीवाय’. (टीटीवाय म्हणजे जुने टेलिटाइप यंत्र.)

मग घोटाळा कसा होत नाही? अंधेरीला धीम्या गाडीत ‘पुढचे स्टेशन’ म्हटले, तर बोरिवलीच्या गाडीत ते जोगेश्वरी असते आणि चर्चगेटच्या गाडीत विलेपार्ले. शब्द तेच; अर्थ गाडीप्रमाणे. तसेच हे नाव जी प्रोसेस उघडील, तिचेच टर्मिनल तिला मिळते.

टर्मिनलचे खास नाव हवे असेल, तर ‘टीटीवायनेम’ वापरावे. पण दिलेला क्रमांक टर्मिनलला जोडलेला नसेल, तर ते रिकाम्या हाताने परतते. आपल्या प्रोग्रॅममध्ये ० बाबत तसेच होईल. २ हा क्रमांक बहुधा टर्मिनललाच जोडलेला असतो.

१९८६ साली सुरू झालेल्या अर्नेट प्रकल्पात जुहूची एनसीएसटी व पवईची आय.आय.टी. या आपल्या उपनगरांतील संस्था होत्या. जाळे आले, की माणूस एकीकडे आणि संगणक दुसरीकडे! मुलुंडहून कोणी पवईच्या लिनक्स संगणकावर लॉगिन केले, तर तेथे त्याच्यासाठी आभासी टर्मिनल तयार होते. त्याचे नाव ‘/डेव्ह/पीटीएस/३’ असे काहीतरी असते.

पार्श्वभूमीवर चालणाऱ्या काही प्रोसेसना मात्र नियंत्रक टर्मिनलच नसते. ‘सीटर्मआयडी’ त्यांनाही नाव देते. पण ते उघडू जाता अपयश येते. म्हणून नाव मिळाले, एवढ्यावर विसंबू नका. उघडून पाहा, आणि विचारायला समोर कोणी नसेल, तर काहीही न पुसता थांबा.