घाम, थरथर, भोवळ : डॉक्टरांकडे केव्हा जावे?



पिकाचे पान पिवळे पडले की जाणता शेतकरी लगेच खताचे पोते फोडत नाही. पाणी जास्त झाले, नत्र कमी पडले की मुळाला रोग लागला, हे तो आधी पाहतो. लक्षण एक आणि कारणे अनेक, हा निसर्गाचा नियम माणसालाही लागू आहे. रानात काम करताना एखाद्याला दरदरून घाम फुटतो, हातपाय थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. मग कोणी म्हणते ऊन लागले, कोणी म्हणते पित्त झाले, कोणी बाहेरची बाधा समजून लिंबू उतरवते. परंतु तो माणूस मधुमेहाचे औषध घेत असेल, तर रक्तातली साखर उतरल्याची शंका सर्वांत आधी घ्यावी.

औषधोपचार सांगणे हे डॉक्टरांचे काम. माझा विषय पिकांचा. पण गावोगाव हिंडताना दिसते की मधुमेह आता शहरापुरता राहिलेला नाही. साखर वाढते हे घरोघरी ठाऊक आहे. औषध चालू असताना ती उतरतेही, आणि उतरली तर तासाभरात माणूस बेशुद्ध पडू शकतो, हे फार थोड्यांना माहीत असते.

साखर का उतरते?

रक्ताच्या 100 मिलिलिटरमध्ये साखर 70 मिलिग्रॅमच्या खाली गेली तर ती कमी समजावी. 54 च्या खाली गेली तर मेंदूचे काम बिघडू लागते, कारण मेंदू मुख्यत्वे साखरेवरच चालतो. इन्सुलिन घेणाऱ्यांना आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांना हा धोका अधिक असतो. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर सहसा इतकी उतरत नाही. आपली गोळी कोणती, हे डॉक्टरांना विचारून ठेवावे.

शेतकऱ्याच्या घरात याची कारणे रोजचीच असतात. सकाळी गोळी घेतली आणि न्याहारी न करताच रान गाठले. काढणीच्या दिवसांत नेहमीपेक्षा दुप्पट कष्ट झाले. रात्रीची वीज आली म्हणून जेवण ठेवून पाणी धरायला गेले. एकादशीचा किंवा नवरात्राचा उपवास धरला, पण औषध नेहमीइतकेच घेतले. उलट्या-जुलाबाने पोटात काही राहिले नाही. रिकाम्या पोटी दारू घेतली. मूत्रपिंडाचा विकार असेल तर औषध अंगात जास्त वेळ राहते आणि धोका वाढतो.

इन्सुलिनचे मापही सांभाळावे. बाटली 40 युनिटची असेल तर सिरिंजही 40 चीच हवी. 100 युनिटचे इन्सुलिन 40 च्या सिरिंजने त्याच खुणेपर्यंत भरले तर अडीचपट औषध अंगात जाते. फवारणीच्या औषधाचे माप चुकले तर पीक करपते. इथे जिवाशी गाठ आहे.

ओळखावे कसे?

सुरुवातीला थंड घाम येतो, थरथर सुटते, छातीत धडधडते, एकाएकी कडकडून भूक लागते. साखर आणखी उतरली की माणूस चिडतो, असंबद्ध बोलतो, झोकांड्या खातो. इथेच घात होतो. एका गावात रात्री बांधावर बसून बरळणाऱ्या गृहस्थाला लोकांनी दारू प्यालेला समजून तसेच झोपू दिले होते. त्यांनी आयुष्यात थेंब घेतला नव्हता. संध्याकाळी गोळी घेतली होती आणि जेवण राहून गेले होते. बायकोने ओळखले म्हणून वेळेवर दवाखाना गाठता आला.

तिथल्या तिथे काय करावे?

माणूस शुद्धीवर असेल आणि त्याला गिळता येत असेल, तर चहाचे तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजावी. साखर नसेल तर तेवढाच गूळ द्यावा. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही गोळी चालू असेल तर साखर लवकर लागू पडत नाही. त्यांनी ग्लुकोजची पूड जवळ ठेवावी. पंधरा मिनिटांत उतार न पडल्यास पुन्हा तेवढेच द्यावे. बरे वाटल्यावर भाकरी किंवा पोळी खाऊ घालावी. ग्लुकोमीटर असेल तर साखर तपासावी. नसेल तर त्याच्यासाठी थांबून राहू नये.

माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात पाणीसुद्धा घालू नये. ते श्वासनलिकेत जाते. कुशीवर वळवावे आणि 108 ला फोन लावावा.

डॉक्टरांकडे केव्हा?

ताबडतोब : शुद्ध हरपली, झटके आले, गिळता येईना, किंवा दोन वेळा साखर देऊनही उतार पडला नाही तर. तोंड वाकडे झाले किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडला तर तो पक्षाघात असू शकतो. तेव्हाही थांबू नये. वर सांगितलेल्या गोळ्यांनी साखर उतरली असेल तर माणूस उठून बसला तरी त्याच दिवशी दाखवावे, कारण या गोळ्यांचा अंमल बराच वेळ राहतो आणि साखर पुन्हा उतरू शकते. दारू प्यालेल्या माणसाचेही तेच.

एक-दोन दिवसांत : असा त्रास पुन्हा झाला, रात्री झोपेत घामाने कपडे भिजू लागले, किंवा पूर्वी जाणवणारी थरथर आता जाणवेनाशी झाली तर. डॉक्टर औषधाचे प्रमाण किंवा वेळ बदलून देतील. भीतीपोटी गोळी आपल्या मनाने बंद करू नये. उपवास धरायचा असेल तर आधी विचारून घ्यावे.

मधुमेह नसतानाही वरचेवर भोवळ येत असेल तर साखर खाऊन वेळ मारून नेऊ नये. त्यामागे रक्तक्षय किंवा दुसरा काही विकार असू शकतो. तपासणी करावी.

फवारणीच्या दिवशी विशेष

2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. विषबाधेतही घाम, थरथर आणि भोवळ येते. त्यासोबत तोंडाला लाळ, डोळ्यांना पाणी, उलटी, दम लागणे किंवा बाहुल्या बारीक होणे असे काही दिसले, तर साखरपाणी पाजून वाट पाहत बसू नये. अंगावरचे कपडे काढावेत, साबणाने अंग धुवावे आणि औषधाची बाटली सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठावे.

मधुमेही माणसाने रानात जाताना खिशात साखरेची पुडी ठेवावी, आणि आपण कोणती गोळी घेतो हे घरच्यांना व शेजारच्या वावरात काम करणाऱ्यालाही सांगून ठेवावे. घरातल्या बाईने भाकरीचे गाठोडे बांधताना ती पुडी खिशात गेली की नाही, एवढे जरूर पाहावे.