स्टेशन रोड : एक प्रेक्षणीय स्थळ

गावाहून पाहुणे आले की त्यांना गेट वे ऑफ इंडिया, राणीची बाग व जुहू चौपाटी दाखवायची, अशी आपल्या उपनगरांत रीत आहे. उत्साह उरलाच तर बोरिवलीहून कान्हेरीची लेणी. माझ्या मते पाहुण्याला आधी घाटकोपर किंवा अंधेरी स्टेशनाबाहेर तासभर उभे करावे. तिकीट नाही, आणि पाहण्यासारखे पुष्कळ!

हा बाजार म्हणजे नुसता गोंधळ वाटतो. पण त्याला वेळापत्रक आहे. पहाटे दादरच्या बाजारातून फुले व भाजी लोकलच्या मालडब्यात चढते. सकाळी गर्दी स्टेशनकडे धावते, तिला भाजी नको असते. तेव्हा चहा, वडापाव व हार खपतात. दुपारी ताडपत्रीखाली मेथी निवडणे, लसूण सोलणे चालते. संध्याकाळी तीच गर्दी परतते आणि त्या निवडलेल्या मेथीला भाव येतो, कारण नोकरीहून येणाऱ्या बाईला जिना उतरताच पिशवी भरून हवी असते. रात्री नऊनंतर भाव तोच, पण वाटे मोठे होतात. पालेभाजी उद्यापर्यंत टिकणार नाही, हे दोन्ही पक्षांना ठाऊक असते. अर्थशास्त्राच्या तासाला मागणी-पुरवठ्याचा आलेख फळ्यावर आला, तेव्हा मला तो नवा वाटला नाही. माझी आई तो रोज गोणपाटावर मांडते.

गोणपाट किंवा चादर का, हेही पाहुण्याला सांगावे. ‘गाडी आली!’ अशी आरोळी उठली की चार टोके धरून सारे दुकान डोक्यावर घेता येते. लाकडी मांडणीला ते जमत नाही.

आता कायद्याची बाजू. मुंबईच्या फेरीवाल्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली रस्ता मुळात ये-जा करण्यासाठी आहे असे सांगितले, आणि त्याचबरोबर फेरीवाल्यांसाठी क्षेत्रे आखण्याचाही मार्ग दाखवला. २०१४ साली पथविक्रेत्यांचा केंद्रीय कायदा आला. त्या वर्षीच्या पाहणीत मुंबईतून सुमारे ९९ हजार अर्ज आले. पात्र ठरले जेमतेम १५ हजार. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावरील चेंगराचेंगरीत २३ जणांचा बळी गेला. त्यानंतर त्याच वर्षी उच्च न्यायालयाने स्थानकापासून १५० मीटरच्या आत विक्रीला मनाई कायम केली.

चालणाऱ्यांची तक्रार खोटी नाही. घाटकोपरला २०१४ साली मेट्रो आल्यापासून संध्याकाळी पाऊल ठेवायला जागा नसते; म्हाताऱ्या माणसाचे तर हालच. पण दीडशे मीटर पुढे जाईपर्यंत गिऱ्हाईक रिक्षात किंवा बसमध्ये बसलेले असते. म्हणून क्षेत्रे नकाशावरच्या मोकळ्या जागा पाहून आखू नयेत. माणसे घरी कोणत्या वाटेने जातात, रिक्षाची रांग कोठे लागते, बसथांबा कोठे आहे, हे संध्याकाळी सात वाजता उभे राहून पाहावे व मग खडूने रेघ मारावी.