खिशातला नकाशा (भाग ११) : शेजारच्या राऊटरची साक्ष

गेल्या दिवाळीत माझी आत्या नागपूरचा फ्लॅट सोडून खाप्याच्या जुन्या घरी राहायला आली. सामानाबरोबर राऊटरही आला आणि नव्या जोडणीवर सुरू झाला. चारच दिवसांनी जावई छिंदवाड्याहून भेटायला निघाले. या घरी ते पहिल्यांदाच येत होते, म्हणून आत्यानं माजघरात बसल्या बसल्या त्यांना व्हॉट्सॲपवर लोकेशन पाठवलं. जावयांनी गाडी नकाशाच्या हवाली केली. सावनेर मागे पडलं, खाप्याचा फाटा मागे राहिला, आणि पाटणसावंगीजवळ शंका येऊन त्यांनी फोन लावला.

“जावईबापू, सावनेरवरून वळले काहून नाही?”

“आत्याबाई, तुम्ही पाठवलेलं लोकेशन नागपूरचं आहे.”

आत्याच्या फोनवर निळा ठिपका खरोखरच नागपुरात होता, थेट जुन्या फ्लॅटवर. ती खाप्यात, ठिपका पस्तीसेक किलोमीटर दूर. सगळ्यांनी फोनला दोष दिला. पण फोननं जे ऐकलं तेच सांगितलं होतं. त्यानं काय ऐकलं, हे या आठवड्यात पाहू.

मागच्या भागात आपण उपग्रहांचं गणित पाहिलं. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि त्यांचा संदेश जमिनीवर पोचेपर्यंत फार क्षीण झालेला असतो. उघड्या अंगणात तो फोनला ऐकू येतो. सिमेंटच्या स्लॅबखाली किंवा पत्र्याखाली बहुधा येत नाही. मग नकाशा दुसरा आधार शोधतो, आणि तो आधार असतो आसपासच्या घरांतले राऊटर.

राऊटर कधी गप्प बसत नाही. कोणी जोडलेलं असो वा नसो, सेकंदाला साधारण दहा वेळा तो ‘मी इथं आहे’ असं जाहीर करत असतो. या पुकाऱ्यात दोन गोष्टी असतात. एक, आपण ठेवलेलं नाव. ते शंभर घरांत सारखं असू शकतं. दुसरी, राऊटरचा क्रमांक : सहा जोड्यांमधली बारा चिन्हं. हा क्रमांक कारखान्यातच पडतो आणि जगात दुसऱ्या कोणाचा नसावा अशी त्याची रचना असते. पहिल्या तीन जोड्यांवरून बनवणारी कंपनीसुद्धा ओळखता येते. पासवर्ड लागतो तो आत शिरायला. पुकारा ऐकायला लागत नाही. म्हणूनच आपण कोणाच्याही वाय-फायला जोडलेलो नसताना नकाशा ‘वाय-फाय चालू करा, अचूकता वाढेल’ असं सुचवतो. अनेकांना वाटतं की ही सूचना इंटरनेटसाठी आहे. तसं नाही. फोनला फक्त कान उघडे हवे असतात.

ऐकलेल्या क्रमांकांची यादी, आणि कोणता आवाज किती जोरात आला त्याची नोंद, फोन नकाशावाल्या कंपनीच्या संगणकाकडे पाठवतो. तिथं कोणता क्रमांक पृथ्वीवर कुठं आहे याचं प्रचंड मोठं दप्तर असतं. ‘हा मोठ्यानं ऐकू येतो, तो बारीक, तिसरा अगदीच दूर’ यावरून अंदाज बांधून उत्तर येतं : तुम्ही अमुक ठिकाणी, इतक्या मीटरच्या घेरात. निळ्या ठिपक्याभोवतीचं फिकट वर्तुळ म्हणजे हाच घेर.

आपल्या भागाला ही रीत नवी नाही. १८०२ साली मद्रासजवळून भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणारे विल्यम लॅम्बटन नागपूरकडे येत असताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारले. त्यांची कबर तिथंच आहे. ठाऊक असलेल्या खुणांवरून ठाऊक नसलेली जागा काढायची, हे त्यांचं आयुष्यभराचं काम होतं. ते कोन मोजत, फोन आवाजाचा जोर मोजतो. पण कोन भिंतीमुळे बदलत नाही आणि आवाज बदलतो. जाड मातीच्या भिंतीपलीकडचा शेजारचा राऊटर चार घरं लांबचा वाटू शकतो. म्हणून बाजारपेठेत, जिथं एकाच वेळी दहा-पंधरा राऊटर ऐकू येतात, तिथं वर्तुळ लहान होतं, आणि गावाच्या टोकाला, जिथं एखादाच ऐकू येतो, तिथं अंदाज लटपटतो.

हे दप्तर भरतं कोण? अमेरिकेत २००३ साली निघालेल्या स्कायहूक कंपनीनं त्यासाठी शहरांतून गाड्या फिरवल्या. जानेवारी २००८ मध्ये आयफोनच्या नकाशात जागा दिसू लागली ती याच कंपनीच्या वाय-फाय नोंदी आणि मोबाइलच्या टॉवरांच्या आधारावर. त्या पहिल्या आयफोनात जीपीएस नव्हतंच. गूगलच्या रस्ते टिपणाऱ्या गाड्याही राऊटरचे क्रमांक गोळा करत. त्याच ओघात लोकांच्या उघड्या वाय-फायवरचा मजकूरही त्यांनी साठवला होता, हे मे २०१० मध्ये गूगलला कबूल करावं लागलं. आता गाडीची फारशी गरज उरलेली नाही. आपल्या फोनला उपग्रह दिसत असतील आणि त्याच वेळी राऊटरही ऐकू येत असतील, तर तो दोन्हींची सांगड घालून दप्तराला कळवू शकतो. खाप्याच्या गल्ल्यांचं ज्ञान प्रामुख्यानं असंच जमतं : शाळेत जाणाऱ्या मुलांच्या, दूधवाल्याच्या, बँकेत निघालेल्या पेन्शनरांच्या खिशातून. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. विणकरांच्या या गावात पत्ता कायम माणसांनीच सांगितला. अमक्याच्या घराला लागून, तमक्याच्या पलीकडे. फोनही तेच करतो, फक्त शेजाऱ्याच्या नावाऐवजी त्याच्या राऊटरचा क्रमांक घेतो.

यातच या ज्ञानाची मर्यादाही आहे. ते सगळं उपग्रहांकडून उसनं घेतलेलं आहे. खाप्याजवळच्या गुमगावच्या मॅंगनीज खाणीचं उदाहरण घ्या. जमिनीखाली राऊटर बसवला तरी त्याची जागा दप्तराला आपोआप कळणार नाही, कारण तिथं फोनला आकाश दिसत नाही आणि सांगड घालायला काहीच नसतं.

आता आत्याचा घोटाळा उलगडतो. तिच्या राऊटरचा क्रमांक दप्तरात वर्षानुवर्षं नागपूरच्या पत्त्यावर होता. राऊटर हलला, नोंद हलली नाही. तरीही एकट्या राऊटरवर इतका विश्वास का? हे मी मुद्दाम तपासलं. राऊटरचं नाव आणि क्रमांक दाखवणारं एक ॲप उघडून माजघरात उभा राहिलो, तर यादीत दोन ओळी दिसल्या. आजकालचे बरेचसे राऊटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर बोलतात आणि प्रत्येक पट्टीला वेगळा क्रमांक असतो. दोन साक्षीदार मिळाले, दोघांनी एकच पत्ता सांगितला, आणि दोघेही एकाच डब्यातले निघाले! त्यांना खोटं पाडणारा तिसरा आवाज गल्लीच्या त्या टोकाला नव्हता. मला सगळ्यात धोक्याचं वाटलं ते हे की ठिपक्याभोवतीचं वर्तुळ अगदी लहान होतं. वर्तुळ लहान म्हणजे ठिकाण खरं, असं आपण धरून चालतो. वर्तुळ फक्त फोनची खात्री सांगतं.

जावयांच्या बाबतीत तासभराचा फेरा पडला, एवढंच. रात्री रुग्णवाहिकेला असं लोकेशन गेलं असतं तर? म्हणून कळकळीनं सांगतो, लोकेशन पाठवण्याआधी अंगणात किंवा गच्चीवर या, आकाशाखाली मिनिटभर थांबा, ठिपका आपल्याच गल्लीत आहे ना ते बघा, आणि मग पाठवा. घर बदलल्यावर तर हे हमखास करा. अँड्रॉइड फोनच्या लोकेशन सेटिंगमध्ये ‘वाय-फाय स्कॅनिंग’ असतं. ते चालू असलं तर वाय-फाय बंद असतानाही फोन ऐकत राहतो.

उलट बाजूही आहे. आपला राऊटर आपल्याला न विचारता मैलाचा दगड झालेला असतो. २०२४ साली मेरीलँड विद्यापीठाच्या एरिक राय आणि डेव्ह लेव्हिन यांनी दाखवून दिलं की ॲपलच्या दप्तराला प्रश्न विचारत राहून कोणता राऊटर कुठून कुठं गेला याचा माग काढता येतो. छळ करणाऱ्या घरातून निघून आलेल्या बाईनं राऊटर सोबत आणला असेल तर तिच्यासाठी ही किरकोळ बाब नाही. अशा वेळी राऊटरच्या नावाच्या शेवटी रोमन लिपीत अंडरस्कोअर आणि ‘नोमॅप’ जोडावं. गूगल २०११पासून आणि ॲपल २०२४पासून अशा राऊटरला दप्तरातून वगळतं. माझ्या मते ही सोय उलटी हवी होती. आधी विचारायला हवं, मग नोंद.

आत्याला मी हे सगळं समजावून नाव बदलायचं का विचारलं. ती म्हणाली, राहू दे, टोकाचं घर आहे, कोणाला तरी उपयोग होईल. पुढचे काही दिवस ती फोन घेऊन मुद्दाम अंगणात बसायची. परवा तिनं माजघरातून पुन्हा लोकेशन पाठवलं. उघडून पाहिलं, तर ठिपका खाप्यात होता, घरापासून दोन दारं सोडून.