डिकीत पाणी आले कुठून?

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याचा पूर्व भाग पर्जन्यछायेतला. पश्चिमेला अकोले तालुक्यातील घाटघर, रतनवाडीला मात्र मुसळधार पाऊस. नगरच्या उन्हात कडक झालेल्या रबरी पट्टीचे बिंग भंडारदऱ्याच्या सहलीत फुटते. परत येऊन स्टेपनी उचलावी, तर खाली पाणी!

पाणी दिसते तिथेच ते शिरलेले असते, असे नाही. आसंजनामुळे ते पत्र्याला चिकटून उताराने सरकते व दूर कुठेतरी ठिबकते. बारीक फटीत तर केशाकर्षणाने ते ओढले जाते.

मग शोधावे कसे? मोठ्या माणसांच्या मदतीने डिकी कोरडी करा. मागच्या दरवाजात कागदाचा कपटा धरून दरवाजा लावा आणि कपटा ओढा. तो सहज निघाला, तर तेथे रबरावर पुरेसा दाब नाही. आता रबराच्या आतल्या बाजूस खडूची पूड लावा. एकाने विजेरी घेऊन आत बसावे, दुसऱ्याने नळीने हळू पाणी सोडावे: आधी खाली, पाच मिनिटांनी मागच्या दिव्यांवर, शेवटी छताजवळ. वरून सुरुवात केली तर सगळेच भिजते, काहीच कळत नाही. पुडीत ओली रेघ उमटली, की तिचे वरचे टोक हीच चोरवाट!

कडक किंवा फाटलेले रबर बदलावे. दरवाजा सैल लागत असेल, तर गॅरेजमध्ये कडी जुळवून घ्यावी. नंतर हीच चाचणी पुन्हा करावी. आळस केलात, तर पाणी आणि ऑक्सिजन मिळून पत्रा गंजवतील.

घराचे पत्र्याचे छप्पर गळते का? तिथेही हीच रीत: खालून वर, एका वेळी एकच जागा. करून पाहा!